पाळी चुकली, पिशवी दिसली, पण ठोके नाहीत : पहिल्या बारा आठवड्यांत काय धरून चालायचं

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. लग्नाला दीड वर्ष झालं. शेवटची पाळी ४ ऑगस्टला आली होती. पाळी एरवीही ३५ दिवसांनीच येते. चुकली तशी घरी पट्टी लावून पाहिली, दुसरी रेघ फिकट आली. २० सप्टेंबरला पोटावरून सोनोग्राफी झाली. गर्भाभोवतीची पिशवी दिसली, बाळ दिसलं नाही, ठोके नाहीत. दहा दिवसांनी परत बोलावलंय. मळमळ अगदी जेमतेम, आणि जावेला मात्र पहिल्या दिवसापासून उलट्या होत्या, म्हणून धास्ती. सासूबाईंनी बजावलंय की तीन महिने कुणाकडे तोंड उघडायचं नाही. नवरात्राचे उपवास धरायचे का, पपई, वांगं, मोटारसायकल चालेल का, हेही विचारलंय.

ताई, आधी तारखेचा हिशेब करू. निम्मी धास्ती तिथेच उतरेल.

गर्भाचं वय आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते हिशेबात येतात. पाळी चुकली त्याच दिवशी ‘चार आठवडे झाले’ असं मी म्हटलं की बायका नवऱ्याकडे बघतात आणि नवरे छताकडे. पण सगळं जग असंच मोजतं. तुमचे ४ ऑगस्ट ते २० सप्टेंबर ४७ दिवस होतात, म्हणजे ६ आठवडे ५ दिवस. तेवढ्यात ठोके दिसायला हवे होते, हे तुमचं वाटणं चूक नाही. फक्त तो हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. तिचं चौदाव्या दिवशी सुटतं, तुमचं एकविसाव्या दिवसाच्या आसपास. तो आठवडा वजा करा. सोनोग्राफीच्या दिवशी तुमचा गर्भ ५ आठवडे ५ दिवसांचा होता, आणि या वयात पोटावरून नुसती पिशवी दिसणं ही रोजची गोष्ट आहे. तपासणीला ‘माझी पाळी ३५ दिवसांची आहे’ हे वाक्य डॉक्टर विचारो न विचारो, आपणहून सांगा. बाळंतपणाची तारीखही त्याने बदलते. नुसत्या पाळीवरून ११ मे, तुमची खरी १८ मेच्या आसपास.

तारीखच आठवत नसेल तर? माझ्याकडे निम्म्या बायका तारीख सांगतच नाहीत, सण सांगतात. कानबाईच्या रोटांच्या आदल्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. टेबलाशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर बोट ठेवून आम्ही दोघी मागे मागे जातो. ‘पंधरा तारीख असेल बहुतेक’ यापेक्षा ही रीत पक्की.

आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली तर साधारण ५ आठवड्यांना पिशवी, साडेपाचला तिच्यात बलकाची छोटी गोल कडी, आणि सहाच्या आसपास लुकलुकणारे ठोके दिसतात. पोटावरून हेच आठवडाभर उशिरा दिसतं. आतून तपासल्याने गर्भाला धक्का बसतो ही भीती काढून टाका, प्रोब गर्भाशयात जातच नाही. आणि ‘गर्भ वाढत नाही’ असं म्हणायला आमच्याकडे मापं ठरलेली आहेत. आतून तपासताना पिशवी २५ मिलिमीटर किंवा जास्त झाली तरी आत बाळ नाही, किंवा बाळ ७ मिलिमीटरचं झालं तरी ठोके नाहीत, तेव्हाच तसं म्हणायचं. त्याच्या अलीकडे असाल तर थांबायचं आणि एक-दोन आठवड्यांनी परत बघायचं. तुम्हाला दहा दिवसांनी बोलावणाऱ्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलंय. पहिल्याच फेरीत ‘साफ करून घ्या’ म्हटलं असतं तर मी तुम्हाला दुसरं दार दाखवलं असतं.

फिकट रेघेचंही तसंच. पट्टी ज्या संप्रेरकावर रंग धरते, ते सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं. लवकर तपासलं, दुपारी भरपूर पाणी पिऊन तपासलं, तर रेघ फिकट येणारच. पाकिटावर सांगितलेल्या वेळेत उमटलेली फिकट रेघही होच सांगते. रोज एक पट्टी लावून रेघ गडद झाली का हे बघत बसू नका, पैसे आणि जीव दोन्ही जातात. पट्टी विकतच आणायला हवी असंही नाही. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट फुकट मिळतं.

आता मळमळ. जावेला झालं ते तुम्हाला व्हायलाच हवं असं काही नाही. बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं, नवव्याच्या आगेमागे कळस होतो, आणि बारा ते चौदा आठवड्यांत ओसरतं. तुमचा हिशेब धरला तर तुमची मळमळीची वेळ आत्ता कुठे येतेय. कदाचित हे वाचेपर्यंत फोडणीच्या वासाने तोंडाला पदर लागलेला असेल. आणि काहींना होतच नाही, त्यांचीही बाळं ठणठणीत जन्मतात. ‘मना जीव मयमय करस’ म्हणत येणारी आणि ‘काहीच होत नाही, म्हणून भीती वाटते’ म्हणत येणारी, या दोघी माझ्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि दोघींना एकमेकींचा हेवा वाटत असतो.

मळमळीत रिकामं पोट हा खरा शत्रू. उशाशी ज्वारीच्या लाह्या नाहीतर भाजलेला बिबडा, म्हणजे ज्वारीचा पापड, ठेवा, उठण्याआधी दोन घास चावा, मग पाय खाली टाका. दर दोन तासांनी थोडंथोडं. पाणी जेवताना ढसाढसा नको, मधल्या वेळेत घोट घोट. सकाळचा काळा मसाला आणि ठेचा महिनाभर बाजूला ठेवला तर छातीतली जळजळही कमी होईल. बाळाला तिखटाने काही होत नाही, तुम्हाला होतं. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्सिलामीन आणि बी-६ यांची एकत्र गोळी आहे, जुनी आणि गरोदरपणात सुरक्षित. डॉक्टरांना विचारून घ्या, सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी थोडी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र ते डोहाळ्यांच्या कौतुकात मोजायचं नाही. सलाईनची वेळ आलेली असते.

बाकीचं पटकन सांगते. झोप अनावर येईल, दुपारी दळण निवडता निवडता डोळा लागेल. छाती दुखरी, जड. लघवीला सारखं. पोट साफ न होणं. पाळी येईल असं वाटणारी बारीक ओढ दोन्ही बाजूंना. पांढरं जाणं वाढतं, पण खाज आणि वास नसेल तर तेही ठीक. हे सगळं आलं तरी चालेल, निम्मं आलं तरी चालेल. एक मात्र लपवू नका. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर सांगा. बऱ्याचदा ते रक्त कमी असल्याचं लक्षण असतं.

तोंड न उघडण्याबद्दल माझं मत कडक आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास यावलकडची एक बाई आली. आली कसली, आणली. ओठ पांढरेफटक, नाडी हाताला लागेना. दोन दिवसांपासून उजव्या बाजूला ओटीपोटात कळ होती. घरात ते पित्तावर गेलं, ओवा-सोडा झाला. संध्याकाळी मागच्या दाराशी चक्कर येऊन पडली. मी पाळीचं विचारलं तर सासू म्हणाली, ‘आत्ताच तर झाली, चार दिवस बाहेर बसली होती.’ ती पाळी नव्हतीच. दिवस गेलेले होते, गर्भ गर्भाशयाऐवजी बाजूच्या बीजनळीत राहिला होता आणि थोडं थोडं अंगावरून जात होतं. दिवस गेल्याचं फक्त तिला आणि नवऱ्याला माहीत होतं. नवरा सुरतला कामाला, आणि तीन महिने सांगायचं नाही म्हणून ती चारचौघींसारखी बाहेर बसली. ती मध्येच ‘खांदा दुखतो, खांदा दुखतो’ म्हणत होती, आणि सोबत आलेले खांदाच चोळत होते. पोटात रक्त साचलं की वर छातीखालच्या पडद्याला लागतं आणि ती कळ खांद्यावर जाणवते. नळी फुटली होती. वाचली, पण चार बाटल्या रक्त लागलं.

हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. तुमच्या पिशवीत अजून ती बलकाची कडी दिसलेली नाही. ती दिसली की गर्भ गर्भाशयातच आहे हे पक्कं होतं. तोवर घरात एका तरी माणसाला पुढचं पाठ हवं. एका बाजूला सुरीसारखी कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येऊन पडायला होणं, पॅड भिजवणारा रक्तस्राव, गाठी पडणं, अंगात १०१ च्या वर ताप. यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि चोपड्याला नाहीतर थेट जळगावला निघा. नजर लागते म्हणून गल्लीला सांगायचं नसेल तर नका सांगू, सासूबाईंचं मन त्यात राहू द्या. पण आशाताई, डॉक्टर, नवरा आणि खुद्द सासूबाई या चौघांना रोजची हालहवाल कळली पाहिजे.

दुसरं कारण गोळीचं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो, ती बीज फळल्यानंतर चार आठवड्यांत, म्हणजे आमच्या हिशेबाने सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते. फोलिक अ‍ॅसिड तिथे कामाचं. तीन महिने लपवून चौथ्या महिन्यात नाव घालणाऱ्या बाईला मी गोळी देते खरी, पण ज्या कामासाठी ती हवी होती ते काम केव्हाच उरकलेलं असतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम, खरं तर दिवस राहण्याआधीपासून. तुम्ही आजच सुरू करा आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चुकवू नका. दुकानात ५ मिलिग्रॅमची मोठी गोळी पुढे करतात. ती आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, साखर असेल, फिटची औषधं चालू असतील अशांसाठी, डॉक्टरांनी सांगितलं तर. लोहाची गोळी सहसा चौथ्या महिन्यापासून, हिमोग्लोबिन आधीच ११ च्या खाली असेल तर लवकर. आणि ती चहासोबत नको, चहा लोह अंगी लागू देत नाही.

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. माता-बाल संरक्षण कार्ड हातात येतं, रक्त-लघवी, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिस या तपासण्या होतात. थायरॉईडही सांगून करून घ्या. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासा, आणि पुढे कधीही रक्तस्राव झाला तर ते लगेच कळवा, एक इंजेक्शन लागू शकतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्यालाही नोंदणी लागतेच.

चोपडा म्हणजे सातपुड्याचा पायथा, म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वेगळं सांगते. भिल्ल, पावरा समाजात हा आजार जास्त दिसतो, पण तपासायला जात कशाला विचारायची? एक थेंब रक्त लागतं, सरकारी दवाखान्यात फुकट होतं, आणि २०२३ पासून तर देशभर मोहीमच चालू आहे. तुम्ही वाहक निघालात, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, तर घाबरायचं नाही, वाहक बाई ठणठणीत असते. नवऱ्याला त्याच आठवड्यात तपासायला लावा. दोघं वाहक असलात तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि पोटातल्या बाळाची तपासणी ११ आठवड्यांनंतर होऊ शकते. पाचव्या महिन्यात कळून उपयोग कमी, म्हणून मी एवढी मागे लागते. ११ ते पावणेचौदा आठवड्यांत बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी असते, तीही चुकवू नका. तिथे एका अर्जावर सही घेतील. मुलगा-मुलगी सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कुणी इशाऱ्याने सांगतो म्हणाला तर त्या दारातून परत फिरा.

खाण्याचं. पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी काही होत नाही. कच्ची, चीक असलेली पपई नको, भाजीतही नको. आसोद्याच्या वांग्याचं भरीत खुशाल खा, उष्ण पडतं म्हणून गर्भ पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. केळी थंड पडतात म्हणून केळीच्या मुलखात केळी बंद करणाऱ्या घरांपुढे तर मी हात टेकलेत. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, डाळ, दूध, अंडं, शेंगदाणा-गूळ, हिरवी भाजी, एवढं पोटात गेलं की झालं. सुरुवातीला दोन जिवांसाठी दुप्पट जेवायची गरज नसते, बाळ अजून दाण्याएवढं आहे.

खाण्यापेक्षा दोन गोष्टींची मला जास्त काळजी वाटते, आणि त्या कुणी विचारत नाही. एक, मिसरी. सकाळी दात घासायला आणि मग दुपारी ‘जरा बरं वाटावं’ म्हणून बोटाने लावायची ती तंबाखूच आहे, आणि बाळ कमी वजनाचं होण्याशी तिचा सरळ संबंध आहे. दुसरी, फवारणी. सप्टेंबर म्हणजे कपाशीवर औषध मारण्याचे दिवस. त्या शेतात जाऊ नका, पंपात पाणी भरून देऊ नका, आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे हाताने घासू नका. त्याने स्वतःच वेगळे धुवावेत, सांगा मी सांगितलंय म्हणून.

मोटारसायकलने गर्भ पडत नाही. हंडा उचलल्याने, एसटीच्या धक्क्याने, भांडणाने, ठेच्यानेही नाही. हे मी जोर देऊन लिहितेय, कारण कळलेल्या शंभर गर्भांपैकी दहा ते वीस पहिल्या महिन्यांतच जातात. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते, आणि तो गेल्यावर घरात शोध सुरू होतो की हिने त्या दिवशी काय केलं होतं. बाई स्वतःही तोच शोध घेते. एकीने मला सांगितलं, ‘त्या दिवशी मी पाटा-वरवंटा हलवला होता.’ तिच्या बाळाचे ठोके त्याच्या दहा दिवस आधीच्या सोनोग्राफीतच थांबलेले होते. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ टिकतो याला आधार नाही. ‘पिशवी घट्ट करायची’ म्हणून सरसकट दिली जाणारी इंजेक्शनंही प्रत्येकीला लागत नाहीत. आधी गर्भ गेलेले असतील आणि आता रक्तस्राव होत असेल अशा काहीजणींना तसं औषध उपयोगी पडतं. तुम्हाला कुणी दिलं तर ‘मला कशासाठी?’ एवढं विचारा. गाडीवर मात्र खड्ड्यांचा लांबचा प्रवास मळमळीत नकोसा होतो, आणि रक्त जात असेल तर तो टाळाच.

राहिले उपवास. घट बसतील तेव्हा तुमचा सातवा-आठवा-नववा आठवडा असेल, म्हणजे मळमळीचा भर. नऊ दिवस साबुदाण्यावर काढणं मला मान्य नाही, आणि निर्जळी तर मुळीच नाही. उठता-बसता धरा. त्या दोन दिवशीही दर दोन तासांनी राजगिरा, दूध, केळं, शेंगदाणे, भगर असं काही पोटात जाऊ द्या. सासूबाईंना पटत नसेल तर मधले सात दिवस त्यांनी तुमच्या वाटचे धरावेत. माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन सासवांनी हे आनंदाने केलंय.

दहा दिवसांनी जाल तेव्हा गर्भ तुमच्या हिशेबाने ७ आठवड्यांचा असेल. पोटावरूनच करणार असतील तर लघवी भरून ठेवा. जुना रिपोर्ट सोबत न्या, त्यातलं पिशवीचं माप आणि नवीन माप शेजारी शेजारी ठेवून बघायचं असतं. आणि सासूबाईंनाही आत घेऊन जा.